मुळशी की पवना? पातळ टायरवाल्याचं मत

पुण्याच्या पश्चिमेला पाण्याची उणीव नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी, पवना. सकाळी निघून जेवायला घरी परतता येईल एवढ्या टप्प्यात हे सगळं आहे. सह्याद्रीच्या सोंडा पूर्वेकडे उतरत येतात आणि या जलाशयांत बुडतात. काठाचा रस्ता त्या एकेका सोंडेवर चढतो आणि पलीकडे उतरतो. त्यामुळे इथे सलग घाट लागत नाही आणि सलग सपाटीही मिळत नाही. पाच मिनिटं दम काढायचा, दोन मिनिटं पेडल थांबवून सुटायचं, की समोर पुढचा चढ. रोड बाइकला याहून चांगली जमीन मला तरी माहीत नाही.

लवळे, सूस, कात्रजचा जुना बोगदा असं सगळं करून झालं की माणसाला शंभरी गाठायची हुक्की येते आणि मग प्रश्न येतो: मुळशी करू की पवना? सायकल कुठली, मागच्या चाकाच्या गिअरचक्रांची कॅसेट किती दातांची, यात मी शिरत नाही. पंचवीस ते अठ्ठावीस मिलिमीटरचं टायर आहे, पंक्चर काढता येतं आणि शंभर किलोमीटर पाय साथ देतात, एवढं धरून चालतो. दोन्ही रस्त्यांवर मी बरीच वर्षं जातो आहे. दोन्ही आवडतात. तरी एकाकडे चाक जास्त वेळा वळतं, आणि त्याचं कारण निसर्गसौंदर्य नाही.

पानशेतचं आधी आटोपून घेऊ, कारण कोणीतरी ते विचारणारच. धायरीपलीकडे निघेपर्यंत सिंहगड रस्त्यावर जी रस्सीखेच चालते, त्यात सकाळचा उत्साह अर्धा संपतो. पुढे डोणजे फाट्यापर्यंत गडावर निघालेल्या गाड्या आणि परतताना खडकवासल्याच्या चौपाटीवर भजी-कणसांसाठी रस्त्यातच लावलेल्या मोटारी. खानापूरनंतर रस्ता छान आहे, हे मान्य. पलीकडच्या काठाने एनडीए-बहुली रस्त्यावरून कुडजे, मांडवी, सांगरूण असं गेलात तर अजून छान. पण ती पन्नास-साठची फेरी झाली, आणि आपण शंभरीबद्दल बोलतोय. मधल्या वारी वेळ काढता येत असेल तर गोष्ट वेगळी. रविवारवाल्यांसाठी पानशेत बाद.

राहिले दोन. गंमत अशी की पौडपर्यंत हे दोन रस्ते एकच आहेत. कोथरूडहून चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुटचा छोटा घाट, मग पौड. चांदणी चौकातून साधारण पंचवीस किलोमीटर. चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला आणि पुढच्या वर्षी नव्या पुलांचं जाळं खुलं झालं. मोटारवाल्यांची त्यामुळे सोय झाली असेल, पण सायकलवाल्याला तिथून शक्य तितक्या अंधारात निसटलेलं बरं. भूगाव सहाच्या आधी ओलांडलं तर गाव झोपलेलं असतं. सातनंतर तिथली कोंडी सुरू होते आणि मग दोन डंपरांच्या मधून वाट काढत दिवसाची सुरुवात करावी लागते. पिरंगुटचा घाट जाताना कळतही नाही. तो येताना कळतो, पण ते पुढे येईलच.

पौडला निर्णय. सरळ गेलात तर माले आणि मुळशी. उजवीकडे कोळवणच्या रस्त्याला लागलात तर पवना.

मुळशीची बाजू आधी मांडतो, कारण ती दिसायला भक्कम आहे. पौड सोडलं की थोड्याच वेळात मालेचा चढ, मग धरणाची दगडी भिंत, आणि मग पाणी सुरू होतं ते पार ताम्हिणीपर्यंत अधूनमधून सोबत राहतं. जलाशय मोठा आहे, हातपाय पसरलेला आहे, मध्ये टेकड्यांची बेटं आहेत. रस्ता दक्षिण काठाने जातो. पहाटे पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे समोरचे डोंगर आधी उजळतात आणि डोळ्यांवर ऊन येत नाही. सप्टेंबरअखेरीस पाणी काठोकाठ, खाचरांत भात पोटरीला आलेला आणि उतारांवर सोनकी पिवळी झालेली. अशा दिवशी मुळशीला तोड नाही, हे मी पवनेचा माणूस असूनही लिहून देतो.

चढ-उतारही मुळशीचे जास्त नेटके आहेत. पळसे, चाचिवली या पट्ट्यात एका उताराचा वेग पुढच्या चढाच्या अर्ध्यापर्यंत पुरतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी एक-दोन गिअर हलके केले की झालं. पाय लयीत येतात. ताम्हिणी गावापाशी चहा घेऊन परत फिरलात तर चांदणी चौकापासून चांदणी चौकापर्यंत शंभरीच्या आसपास भरतं. घाट उतरून विळ्याला जाणारे असतात, पण तो पुन्हा चढावा लागतो, आणि ती वेगळी जात. निव्यावरून पिंपरी, भांबर्डे करत ॲम्बी व्हॅलीमार्गे लोणावळ्याला निघणारेही असतात. त्यांना असल्या सल्ल्यांची गरज नसते.

पवना दिसायला एवढी रुबाबदार नाही. पौडहून कोळवणकडे वळलं की रस्ता एकदम अरुंद होतो. दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीने साइडपट्टीवर उतरायचं, अशी रुंदी. हे वळकी नदीचं खोरं, भाताचा मुलूख. मुळशी तालुक्याचा आंबेमोहोर नावाजलेला आहे, आणि ऑक्टोबरात सकाळी या रस्त्याने गेलात तर का ते नाकालाच कळतं. करमोळी, चाले, नांदगाव, कोळवण, मग हाडशी. गावं एकमेकांना खेटून आहेत आणि प्रत्येक गावाच्या तोंडाला गतिरोधक आहे. काहींवर पांढरे पट्टे आहेत, काहींवर नाहीत. पहाटेच्या अंधारात दिवा चांगला हवा.

हाडशी मागे टाकून पवनेच्या खोऱ्यात उतरायला एक खिंड ओलांडावी लागते. या फेरीतला सगळ्यात खडा तुकडा हाच. लांब नाही, पण पौडपासून पाय गरम झालेले असतात म्हणून निभतं. पलीकडे जवणकडे उतरताना तिकोना समोर येतो, त्याच्यामागे पाण्याची पट्टी, आणि पाण्याच्या पलीकडे तुंग, लोहगड, विसापूर. चार किल्ल्यांच्या मधलं हे खोरं आहे. उतारावर डांबराचे तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे आहेत, तेव्हा किल्ले बघायचे तर थांबून बघा. तिकोना पेठेत चहा मिळतो. तिथून पवनानगर म्हणजे जुन्या लोकांची काळे कॉलनी, आणि पोटात भर घालायची जागा हीच. बाजारपेठ आहे, वडापाव-पोहे मिळतात, भाव गावातले आहेत. मुळशीच्या काठावर रिसॉर्टं पुष्कळ, पण सकाळी सातला सायकलवाल्याला चहा देणारी टपरी शोधावी लागते.

पवनेचा कमीपणा लपवत नाही. शंभर-सव्वाशेच्या फेरीत पाणी डोळ्यांसमोर असतं ते फार तर पाऊण तास. धरणाच्या भिंतीखालून पूल ओलांडला की पाणी मागे पडलं. ज्याला ते अजून हवं असेल त्याने पवनानगरहून ब्राह्मणोली, ठाकूरसईकडे आत जाऊन यावं, मात्र शनिवार-रविवार तो भाग तंबूवाल्यांचा असतो. रात्रभर गाणी, सकाळी उशिरापर्यंत झोप, आणि अकराला सगळ्यांची एकदम निघायची घाई. आठच्या आधी तिथून बाहेर पडणाऱ्याला यातलं काहीच भेटत नाही. तुंगच्या बाजूने मोरवे, घुसळखांब करत पूर्ण तळ्याला वळसा घालता येतो, पण पातळ टायरवर तो रस्ता मी सुचवणार नाही.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते.

मुळशीचा रस्ता सिमेंटचा आहे. पौडच्या पुढे सायकल चालवणाऱ्याला ही आधी चैन वाटते. खड्डा नाही, खडी नाही, पावसाळ्यानंतरही तीच तब्येत. दर काही मीटरवर सांध्याची टक-टक ऐकू येते, तेवढी खपते. रुंदीही ऐसपैस. कागदावर पाहिलं तर कोळवणच्या चिंचोळ्या डांबरी वाटेपेक्षा हा रस्ता दहापट चांगला, आणि कोणीही नकाशा बघून हाच निवडेल.

पण सिमेंटच्या रस्त्याला कड असते. स्लॅब ओतून झाला की तो आजूबाजूच्या जमिनीच्या वर राहतो. कडेला मुरुमाची साइडपट्टी भरून ती पातळी सारखी करायची असते. ती भरतात, पहिल्याच पावसात ती वाहून जाते, आणि मग बऱ्याच लांबीत स्लॅबची कड उघडी पडते, घराच्या उंबरठ्याएवढी. मोटारीला ती जाणवत नाही. मोटारसायकलवाला सांभाळून उतरतो. अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरला मात्र ती भिंत आहे. खाली उतरलात तर रिम दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. त्याहून वाईट म्हणजे पुन्हा वर चढणं. तिरक्या कोनातून कडेला चाक लागलं तर ते वर चढत नाही, कडेला घासत राहतं आणि सायकल अंगाखालून निघून जाते.

एवढ्याने मी मुळशी सोडली नसती. कडेपासून हातभर आत चालवायचं, प्रश्न मिटला. पण तो मिटत नाही, कारण मुळशी ही जाऊन-येऊन आहे. जाताना पहाट असते, रस्ता आपला असतो. पाणी मात्र त्या वेळी उजवीकडे, रस्त्याच्या पलीकडे. परतताना पाणी आपल्या डाव्या हाताला येतं, अगदी शेजारी, आणि खरं तर तेव्हाच ते पाहायचं. नेमकं तेव्हाच साडेनऊ-दहा वाजलेले असतात आणि सगळं पुणे ताम्हिणीला निघालेलं असतं, म्हणजे आपल्या समोरून येत असतं.

समोरून येणाऱ्या दहा गाड्यांपैकी एकाला ओव्हरटेक करायचं असतं. रस्ता रुंद, गुळगुळीत, उतार हाताशी. तो आपल्या बाजूला येतो. त्याला सायकल दिसत नाही असं नाही, दिसते; म्हणून तर तो दिवा मारतो. त्या दिव्याचा अर्थ ‘मी येतोय, तू खाली हो’. डांबरी रस्त्यावर आपण खाली होतो, शिव्या घालतो, पुन्हा वर येतो. इथे खाली व्हायला जागा नाही, कड आहे. मागे आरशात आपल्याच दिशेची एखादी टेम्पो ट्रॅव्हलर. अशा वेळी जे दोन-तीन सेकंद जातात ते मला आवडत नाहीत, आणि ताम्हिणी ते पौड या पट्ट्यात असे प्रसंग एकदा नाही, अनेकदा येतात.

मला कधी लागलेलं नाही. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. परतीच्या वाटेवर मी पाणी बघतच नव्हतो. एक डोळा समोरच्या वळणावर, एक आरशात, आणि मध्येमध्ये कडेकडे, की इथे मुरुम भरलेला आहे की नाही. एवढं सुंदर तळं शेजारून जातंय आणि आपण साइडपट्टीची तपासणी करतोय. घरी येऊन कोणी विचारलं की पाणी किती भरलंय, तर सांगता येईना.

कोळवणच्या रस्त्यावर हे होत नाही, आणि त्याचं कारण तो वाईट आहे हेच आहे. अरुंद रस्त्यावर मोटार मुळात चाळीसच्या पुढे जात नाही. ओव्हरटेक करायचा मोह होईल एवढी सरळ लांबी मिळत नाही. गतिरोधक मला छळतात तसे त्यालाही छळतात. आणि डांबराची कड जमिनीत मिसळत जाते, त्यामुळे दुधाच्या टेम्पोला वाट द्यायची तर मी सहज गवतावर उतरतो, एक पाय टेकतो, तो हात दाखवतो, मी हात दाखवतो. वेग कमी मिळतो. सरासरी बघितली तर पवनेला ती मुळशीपेक्षा हमखास खाली असते. तरीही घरी येतो तेव्हा खांदे आखडलेले नसतात. याला मोजमाप माझ्याकडे नाही, खांद्यांची साक्ष काढतो एवढंच.

दुसरा भाग गोल फेरीचा. पवनेला गेलं की भूगाव-पिरंगुट एकदाच लागतं, तेही अंधारात. मुळशीहून परतताना पिरंगुटचा घाट साडेदहाच्या उन्हात, सिग्नलला थांबलेल्या डंपरांच्या धुरात चढायचा आणि मग भूगावच्या कोंडीत पाय टेकत टेकत पुढे सरकायचं. नव्वद किलोमीटर झाल्यावर ते नको वाटतं.

पवनानगरहून परतीला दोन वाटा आहेत. एक कामशेतची: बेडसे लेण्यांच्या पायथ्याजवळून जाते आणि जुन्या पुणे-मुंबई महामार्गाला लागते. दुसरी, माझी, येळसे आणि कडध्यावरून पवनेच्या खोऱ्यातून खाली, बेबडओहोळ-परंदवडीमार्गे सोमाटणे फाट्याला. इथे उतार हलका आहे, नदी जवळपास आहे, आणि दोन्ही बाजूंना गुलाबाची पॉलिहाऊसं. मावळातला गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो. जानेवारीअखेरीला गेलात तर फुलांच्या गाड्यांची लगबग दिसेल. सोमाटण्यानंतर जुना महामार्ग. ट्रक आहेत, पण रस्त्याला मोकळी कडेची पट्टी आहे आणि ट्रकवाले सरळ रेषेत चालतात. ज्यांना निगडी-दापोडीचे सिग्नल नको असतील त्यांनी चांदखेडवरून कासारसाई धरणाच्या बाजूने नेरे-मारुंजी करत हिंजवडीत शिरावं. एरवी बदनाम झालेली हिंजवडी रविवारी सकाळी रिकामी असते. तिचे चौपदरी रस्ते सायकलवाल्याच्या वाट्याला येतात ते आठवड्यातून एवढेच काही तास. पुढे सूस-पाषाण, आणि घर.

पाण्याविषयी एक सांगायला हवं, कारण महिना ठरवताना ते उपयोगी पडतं. मुळशीचं पाणी पुण्याला येत नाही. टाटांनी हे धरण बांधलं ते विजेसाठी. पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडलं जातं. त्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. वीज वर्षभर लागते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि काठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. तेही सरळपणे नाही: बंद जलवाहिनीच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मेले. कामशेतवरून जाणारे त्या गावाच्या शेजारून जातात. पाणी सायकलवरून देखणं दिसतं, एवढ्यावर ते संपत नाही.

उन्हाळ्यात पवनाही आटते, पण तिथे आटण्यात एक बघण्यासारखं आहे. धरणात बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर पाणी उतरलं की मोकळं होतं. एप्रिल-मेमध्ये तिकोना पेठेहून चावसर-शिळींबच्या बाजूला थोडं आत गेलात तर गाठता येतं, शेवटचा भाग सायकल हातात धरून. मुळशीला मे महिन्यात जाण्याचं मला तरी प्रयोजन सापडलेलं नाही. वाऱ्याचं म्हणाल तर दोन्हीकडे न्याय सारखाच: उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना छातीवर आणि येताना पाठीवर.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दोघांनाही सुट्टी द्यावी असं माझं मत. ताम्हिणीत पाऊस नुसता पडत नाही, कोसळतो. धबधब्यांवरच्या गर्दीमुळे प्रशासनाचे बंदी-आदेश निघतात, आणि सिमेंटवर शेवाळ धरतं ते डोळ्यांना दिसत नाही. कोळवणला त्या दिवसांत चिखलणी चाललेली असते. लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर एका खाचरातून दुसऱ्यात जाताना रस्त्यावर चिखलाची लादी अंथरून जातात, ब्रेकमध्ये तो चिखल जाऊन बसतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारीपर्यंत दोन्ही रस्ते उत्तम.

मग मुळशी कोणी निवडावी? ज्याला मधल्या वारी सुट्टी असते त्याने, बिनदिक्कत. मंगळवारी सकाळी मी वर लिहिलेल्या तक्रारीतलं फारसं काही उरत नाही आणि मग मुळशीच सरस. ज्याच्याकडे पस्तीस-चाळीसचं टायर आहे त्यालाही ती कड एवढी छळणार नाही. चार-पाच जणांचा गट असेल तर समोरच्याला तो लांबून दिसतो, त्याचाही फरक पडतो. ज्याला वेग आणि सरासरी हवी आहे, एखाद्या बीआरएमची, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची, तयारी करायची आहे, त्याला कोळवणचे गतिरोधक वेड लावतील. आणि साइडपट्टी काय, तुम्ही जाल तेव्हा भरलेलीही असेल. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्यात झाली, तिच्या निमित्ताने बऱ्याच रस्त्यांना नवं डांबर आणि रंगवलेले पट्टे मिळाले. हे रस्ते दर वर्षी बदलतात, माझं म्हणणं गेल्या काही हंगामांपुरतं धरा.

पण रविवारी, एकट्याने किंवा दोघांनी, पातळ टायरवर, पहिल्यांदाच शंभरी करायची असेल, तर मी पौडला उजवीकडे वळा म्हणेन. आणि उलट दिशेने, म्हणजे आधी पवनानगर आणि मग कोळवण-पौड, असं करू नका. त्यात पौड रस्ता नेमका अकराच्या गर्दीत पदरात पडतो आणि पिरंगुटचा घाटही चुकत नाही. मग मुळशीला गेलात काय आणि पवनेला काय.

निघताना एवढं सोबत ठेवा. पौड सोडल्यावर सोमाटणे-तळेगावपर्यंत रोड बाइकचं दुकान लागत नाही, म्हणून ट्यूब दोन, एक नाही. पवनानगरला पंक्चरवाले आहेत, पण ते दुचाकीचे. त्यांच्या कॉम्प्रेसरची नळी रोड बाइकच्या ट्यूबला असतो त्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर कोणत्याही सायकलच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. तो खोगिराखालच्या पिशवीत नका ठेवू, तिथे कोपऱ्यात गेला की वेळेवर हाती लागत नाही. व्हॉल्व्हवरच फिरवून बसवून टाका.